हलव्याचा काटा

लग्न झालं तेव्हा मी सांताक्रूझच्या एका मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत होते. बी.एस्सी. होते, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. आमच्या नात्यात शास्त्र घेऊन पदवीधर झालेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळे नाक जरा वरच असायचं. स्वभावही तापट. तो अजून तसाच आहे, घरातले सगळे साक्ष देतील.

लग्न मार्गशीर्षात झालं आणि मी अंधेरीला सासरी आले. माझ्या नोकरीचा विषय लग्नाच्या बोलण्यात कुणी धड काढलाच नव्हता. माझ्या वडिलांनी तो ‘नंतर बघतील’ म्हणून सोडून दिला आणि सासरच्यांनी ‘नंतर बघू’ म्हणून. मुख्याध्यापिकाबाईंनी मात्र मोघम काही ठेवलं नव्हतं. संक्रांतीनंतरच्या सोमवारी आलात तर जागा तुमची, नाहीतर मी दुसरी बाई घेते, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

मी हे मामंजींना सांगितलं. माझे सासरे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, सकाळभर पेपर वाचणारे. पेपर खाली न करता ते म्हणाले, “संक्रांत होऊ दे. मग बघू.” आमच्या ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, “आई-बाबा म्हणतील तसं.” म्हणजे तिकडेही आनंदीआनंदच. राहिल्या सासूबाई. त्या काहीच बोलल्या नाहीत. घरात त्या मुळात कमी बोलत. पण त्या बोलल्या की मामंजींचं ‘बघू’ तिथल्या तिथे संपतं, हे मला पंधरा दिवसांत कळून चुकलं होतं. त्यामुळे मी त्यांच्या तोंडाकडे बघत दिवस काढत होते.

आणि त्यांच्या डोक्यात होता हलवा.

पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी चंद्रकळा नेसवून हलव्याचे दागिने घालायचे, ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. गळ्यात हार, दंडात बाजूबंद, केसांत बिंदी, कमरेला पट्टा, सगळं साखरेचं. मला तो पोरकटपणा वाटायचा. मुंग्यांना आमंत्रण, असं मी ह्यांच्याजवळ म्हटलंही होतं. पण माझ्या सासूबाईंचा हलवा आमच्या गल्लीत नावाजलेला होता. पांढराशुभ्र, आणि दाण्यादाण्यावर असा टोकदार काटा की बोटाला टोचावा. त्यांच्यासारखा हलवा मी त्यानंतर कुठे पाहिला नाही, आणि मी काही कुणाची स्तुती उगाच करणारी बाई नाही.

पौष लागला की सासूबाई शेगडी, कल्हई केलेली परात आणि साखरेची पिशवी घेऊन चार दिवस बोरिवलीला आपल्या धाकट्या बहिणीकडे जात. त्या वर्षी त्यांनी मलाही चल म्हटलं.

“बोरिवलीला कशाला?” मी विचारलं. “साखर तीच, तीळ तेच.”

“अंधेरीत काटा येत नाही.”

“असं कसं होईल?”

“चल तर. बघ.”

मी माझा कॉलेजातला थर्मामीटर रुमालात गुंडाळून पिशवीत टाकला आणि गेले. मनात म्हटलं, चार दिवस आहेत. त्यांच्याजवळ बसेन, त्यांची आवडती होईन, आणि परतताना शाळेचा विषय काढेन.

मावशींचं घर रेल्वेच्या पूर्वेला, डोंगराच्या बाजूला होतं. बैठं घर, पुढे पडवी, पडवीपुढे कापणी झालेली भाताची खाचरं. पहिल्या दिवशी पहाटे सासूबाईंनी मला उठवलं तेव्हा थंडीने माझे दात वाजत होते. डोंगराकडून बारीक, कोरडा वारा येत होता. सासूबाईंनी शेगडीतल्या निखाऱ्यांवर राख पसरली, परात ठेवली, तिच्यात भाजलेले तीळ आणि थोडा साबुदाणा टाकला. पाक आदल्या संध्याकाळीच करून ठेवलेला. उकळत्या पाकात चमचाभर दूध घालून वर आलेली मळी त्यांनी काढली होती, मग तो पंच्याच्या तुकड्यातून गाळला होता. आता पहाटे तो पुन्हा गरम करायचा होता.

मी थर्मामीटर काढला. पाकाला किती तापमान लागतं ते एकदा नोंदवून ठेवू, म्हणजे दरवर्षी अंदाजाने करायला नको, असं मी त्यांना समजावून सांगितलं. त्या “हो का” म्हणाल्या. त्यांनी चमच्यावरचा एक थेंब अंगठा आणि बोट यांच्यात धरला, बोटं अलग केली, आणि पातेलं उतरवलं. मी पारा पाहिला. एकशे पाच. पुढचे दोन्ही दिवस मी पारा बघत बसले. एकशे पाचला पारा टेकायचा आणि त्यांचा हात पातेल्याला लागलेला असायचा. चौथ्या दिवशी मी थर्मामीटर काढलाच नाही. मला स्वतःचीच लाज वाटली.

मग सुरू झालं खरं काम. चहाचा एक चमचा पाक तिळांवर टाकायचा आणि बोटांच्या टोकांनी ते गोल गोल फिरवायचे. थांबायचं नाही. दाणे आधी ओले, एकमेकांना चिकटणारे. हळूहळू सुटे होतात. कोरडे झाले की दुसरा चमचा. असे किती चमचे घातले ते मी मोजायचं सोडून दिलं. परात तापलेली, तरी त्यांची बोटं त्या तापलेल्या तळावरून दाणे फिरवत राहायची. अधूनमधून त्या तळहात पदराला पुसत. मला वाटे, पाक लागला असेल.

“आता बोलायला लागला,” त्या मध्येच म्हणाल्या.

“कोण?”

“हलवा. ऐक.”

मी कान दिला. ओले दाणे परातीत मुकाट सरकत होते. पाहता पाहता त्यांचा आवाज बदलला, बारीक, टणक खडखडाट सुरू झाला. पाणी उडून गेलं की साखर घट्ट होते आणि दाणे धातूवर वाजतात, हे मला समजलं. पण मला ते समजलं त्यांनी ऐकवल्यावर. मी वर्गात पाच वर्षं मुलींना सांगत होते की द्रव तापवला की त्याची वाफ होते आणि त्यात विरघळलेला घन पदार्थ मागे उरतो. फळ्यावर बाण काढून सांगत होते. ही क्रिया कानाने ऐकता येते हे कुठल्या पुस्तकात होतं?

दुसऱ्या दिवशी दाण्यांवर पांढरी साय चढल्यासारखी दिसली. तिसऱ्या दिवशी काटा फुटला. पाक फार दाट झाला तर दाणा गुळगुळीत गोटा होतो, फार पातळ राहिला तर चढलेलं सगळं पुन्हा विरघळतं, निखारे जास्त झाले तर साखर पिवळी पडते. या तिन्हींच्या मधली जी अरुंद वाट आहे, तिच्यावरून त्या चार दिवस न चुकता चालल्या. सकाळी दहा-साडेदहा झाले की त्या मान वर करत. “वारा फिरला,” म्हणत आणि परात उतरवत. मला काही कळायचं नाही. पण दहा मिनिटांत समुद्राकडचा वारा यायचा आणि हातांवर चिकटपणा जाणवायचा. रात्री-पहाटे जमिनीवरून मतलई वारे वाहतात आणि दिवसा समुद्रावरून खारे, हे मी भूगोलात पाठ केलं होतं. अंधेरीत काटा का येत नाही, याचं उत्तर मला येत होतं, आणि तरी मी त्यांनाच विचारलं होतं की असं कसं होईल!

“आई, तुम्हाला हे कुणी शिकवलं?” मी विचारलं.

“कुणी नाही. इथे येऊन बसले, करत गेले.”

“आणि अंधेरीतल्या आजी?” म्हणजे त्यांच्या सासूबाई. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

त्यांनी पुढचा चमचा भरला. पाक टाकला आणि फिरवायला लागल्या.

चौथ्या दिवशी सकाळी काम संपलं. दुपारच्या गाडीने परतायचं होतं. सासूबाई आणि मावशी संक्रांतीच्या सुगडांसाठी ऊस, बोरं, हरभऱ्याचे डहाळे आणायला शेजारच्या वाडीत गेल्या. जाताना सासूबाई म्हणाल्या, “तेवढा हलवा उचलून ठेव गं.”

आता इथून पुढे सगळं माझं कर्तृत्व.

परात अजून शेगडीजवळच होती. मला वाटलं, काटा अजून थोडा वाढला तर काय झकास दिसेल! पाक उरला होता. मी परात पुन्हा शेगडीवर चढवली, दोन चमचे टाकले आणि फिरवले. दाणे बोलायला लागले असं मला वाटलं, म्हणजे मी तसं वाटून घेतलं. तेवढ्यात हाताला खारा वारा जाणवला. आता ही दमट हवा हलव्याला लागता कामा नये, असा मी शास्त्रीय विचार केला, आणि गरम हलवा पितळेच्या डब्यात भरून झाकण घट्ट दाबलं. वर फडकं बांधलं. त्या आल्या, गाडीची वेळ झाली होती, त्यांच्या हातात उसाची मोळी. “हलवा घेतलास ना?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. गाडीत शाळेचा विषय काढायचा होता, पण ऊस सांभाळता सांभाळता राहून गेला.

दुसरा दिवस भोगीचा. सकाळी दागिने गुंफायला बसायचं म्हणून सासूबाईंनी हलवा मागितला. मी डबा घेऊन आले. त्यांनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. त्यांनी झाकण काढलं.

झाकणाला आतून पाण्याचे थेंब लागले होते. खाली हलवा नव्हता, ढेकूळ होतं. काटे गेले होते. दाणे गुळगुळीत, ओलसर, एकमेकांना चिकटलेले. चार पहाटा गेल्या होत्या त्यात, आणि त्यांच्या बोटांची टोकं अजून लाल होती.

मामंजी दारात उभे होते. “काय झालं?”

मी एवढ्या चटकन बोलले की माझं मलाच नवल वाटलं. “अंधेरीची हवा फार दमट आहे ना. साखर हवेतली आर्द्रता ओढून घेते.” वाक्य शास्त्रीय होतं. तसं होतंही. पण बंद डब्यात रात्रभरात एवढं होत नाही, हे मला बोलतानाच माहीत होतं.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या आपल्या तळहातांकडे बघत होत्या. म्हणाल्या, “हवा नाही. माझ्या हाताने झालं.”

मामंजी पुढे आले. त्यांनीही एकदा त्या हातांकडे पाहिलं, मान वळवली आणि बाहेर जाऊन बसले.

मी सुटले होते. कुणी माझं नाव घेतलं नव्हतं. मामंजींसमोर मी अजून शहाणी, शिकलेली सून होते, आणि सोमवारला चार दिवस होते. आपण नुसतं गप्प बसलो तरी भागतंय, हे लक्षात येऊन मला चक्क बरं वाटलं. आज लिहितानाही त्या बरं वाटण्याची लाज वाटते.

मी स्वयंपाकघरात त्यांच्यामागे गेले. त्या पाटावर बसल्या होत्या. मी म्हटलं, “आई, तुमच्या हाताने कसं होईल? असं काय म्हणता?”

“पूर्वीही झालंय,” त्या म्हणाल्या. “तुझ्या नवऱ्याच्या आधी मला एक मुलगी होती.”

हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

“तिचं बोरन्हाण होतं. तिचे दागिने मीच करायचे म्हणून मी हलवा केला. ह्याच घरात केला. काटा बेताचाच आला होता, पण आला होता. सासूबाईंनी डबा दिला, म्हणाल्या, भर लगेच, मुंग्या येतील. मी भरला. सकाळी उघडला तर असाच.” त्यांनी बाहेरच्या खोलीकडे मान केली, जिथे डबा होता. “बायका जमलेल्या. सासूबाईंनी माझा हात धरून उलटा केला, सगळ्यांना दाखवला. म्हणाल्या, हिच्या हाताला पाणी आहे. हिने केलेलं टिकायचं नाही.”

त्यांनी तळहात पदराला पुसला.

“मुलगी चैत्रात गेली. तापाने. त्यानंतर सासूबाई असेपर्यंत मी साखरेला हात लावला नाही. त्या गेल्यावर बोरिवलीला बसून शिकले. तिथे बघायला कुणी नव्हतं. पण डब्यात कधी भरला नाही. परातीतच ठेवते, पातळ फडकं टाकून. डबा बघितला की भीती वाटते. तुला सांगायला हवं होतं, राहिलं.”

तळहात पुन्हा पुन्हा पदराला पुसण्याचं कारण मला तेव्हा कळलं. तीस वर्षं ही बाई आपल्याच हातांना घाबरत होती. आणि त्याच हातांनी तिने असं काम शिकून घेतलं होतं की मी थर्मामीटर घेऊन तिच्या पाठी धावत होते.

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी मोठ्याने म्हटलं, “आई, तुमच्या हाताचा काही संबंध नाही. मी केलं हे. तुम्ही वाडीत गेल्यावर मी वर आणखी दोन चमचे पाक घातला, धड सुकूही दिला नाही, आणि गरम गरम हलवा डब्यात कोंबला. हवेचं मी खोटं सांगितलं.”

आवाज बाहेर गेला असणार. मामंजी स्वयंपाकघराच्या दारात आले.

“डबा तू बंद केलास?”

“हो.”

“बी.एस्सी. ना तू? शाळेत हेच शिकवतेस ना, वाफ अन् पाणी?”

“हो.”

“मग त्या शिकण्याचा उपयोग काय?”

गेली नोकरी, मी मनात म्हटलं. वाट लागली. पण आता गेलीच आहे तर सासूबाईंना तसंच बसू देऊन मी तिथून उठणार नव्हते.

“उपयोग दाखवते,” मी म्हटलं. “आई, हात मागे घ्या.”

“काय?”

“हात पाठीमागे बांधून बसा. कशालाही शिवू नका.”

त्या बसल्या. शाळेतल्या मुलीसारख्या, पाटावर, हात मागे. मामंजी दारात. मी त्या ढेकळातला मूठभर हलवा मोकळा केला, शेगडीवर परातीत गरम केला आणि एका फुलपात्रात भरला. वर गार पाण्याने भरलेली वाटी ठेवली, नीट बसेल अशी. मग आम्ही तिघं ते फुलपात्र बघत बसलो. मामंजींना घरात असं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. ते उंबऱ्यावरच टेकले होते.

थोड्या वेळाने मी वाटी उचलली आणि तिचा तळ सासूबाईंसमोर धरला. तळाला थेंब जमले होते. बारीक बारीक, आणि मध्ये एक मोठा, पडू की नको असा लोंबणारा.

“हे पाणी हलव्यातलंच,” मी सांगितलं. “गरम असताना ते वाफ होऊन वर जातं. वाफ दिसत नाही. उघडं असलं तर ती हवेत निघून जाते. झाकण असलं की जायला जागा नसते. झाकण गार, त्याला लागली की तिचं पुन्हा पाणी होतं आणि खाली गळतं. काटा म्हणजे साखरच, ती पाण्यात विरघळणार. तुमचे हात कुठे आहेत आत्ता?”

“मागे,” त्या म्हणाल्या.

“मग हे पाणी कुणाच्या हाताचं?”

मी दुसऱ्या फुलपात्रात तसाच गरम हलवा भरला आणि वाटीऐवजी पातळ फडकं टाकलं. तेवढाच वेळ थांबलो. फडकं उचललं तर थेंब नाही, काही नाही.

“पुन्हा कर,” त्या म्हणाल्या. “झाकण घालून.”

मी पुन्हा केलं. पुन्हा थेंब आले. हात त्यांनी मागेच धरले होते.

“म्हणजे कुणीही भरला असता तरी?”

“कुणीही.”

“सासूबाईंनी स्वतः भरला असता तरी?”

“त्यांनी भरला असता तरी.”

मग त्यांनी हात पुढे घेतले, मांडीवर ठेवले आणि त्या रडल्या. मी त्यांना रडताना त्या दिवशी एकदाच पाहिलं. मामंजी उंबऱ्यावरून उठले, पाण्याचा पेला भरून त्यांच्यापुढे ठेवला आणि काही न बोलता बाहेर गेले. माझ्या शिकण्याबद्दल किंवा नोकरीबद्दल त्यांनी त्या दिवशी पुन्हा तोंडातून अक्षर काढलं नाही, आणि मी विचारण्याची हिंमत केली नाही.

हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत पुढे ढकलता आलं असतं. पण आमंत्रणं गेली होती, आणि सासूबाई म्हणाल्या, आहे त्याच हलव्याचे दागिने करायचे. हे बोलायला सोपं होतं. हलव्याच्या दाण्यात सुई शिरत नाही, दोऱ्याच्या गाठीत तो अडकवावा लागतो, आणि दोरा धरून ठेवतो तो काटाच. आमचे दाणे गाठीतून सुळसुळ निसटायला लागले. शेवटी आम्ही ते पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवले. दिवसभर बसलो दोघी. त्या बिंदी करत होत्या, मी बाजूबंद. मध्येच त्या मला विचारत, “बर्फाच्या भांड्याला बाहेरून पाणी येतं, तेही असंच का?” किंवा “मग कापूर जळायच्या आधीच डबीत कमी कसा होतो?” मी सांगत होते. कापूर पाणी न होता एकदम हवेत जातो, हे ऐकून त्या बोटाला डिंक लावलेल्या तशाच थांबल्या. “थेट?” म्हणाल्या. “मधलं काही नाही?” त्यांचे प्रश्न असे अचूक होते की माझ्या वर्गातल्या चाळीस मुलींपैकी दोघींना-तिघींनाच ते सुचले असते. मला फार आनंद होत होता, आणि पुढच्या सोमवारची आठवण आली की तो मावळत होता.

संक्रांतीला दुपारी खोली बायकांनी भरली. मी काळी चंद्रकळा नेसून, ते सगळे गुळगुळीत दागिने घालून पाटावर बसले. पुरुषमंडळी बाहेर गॅलरीत. आलेल्यांत मामंजींच्या थोरल्या बहीण होत्या. त्या बोरन्हाणाला त्या हजर होत्या, हे मला सासूबाईंनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. त्यांनी माझ्या गळ्यातला हार दोन बोटांत धरून पाहिला.

“काटा नाही की गं,” त्या सासूबाईंना म्हणाल्या. “पुन्हा पाणी सुटलं वाटतं?”

सासूबाई त्यांना कुंकू लावत होत्या. ते नीट लावून झाल्यावर त्या म्हणाल्या, आणि नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणाल्या, “काटा उत्तम आला होता, वन्सं. गरम असताना डब्यात भरला. वाफ कोंडली, गार झाकणाला लागून तिचं पाणी झालं, त्यात काटा विरघळला. कुणीही भरला असता तरी हेच झालं असतं. तेव्हाही हेच झालं होतं.”

आतेसासूबाईंनी हार सोडला. कुणीतरी तिळगूळ पुढे केला आणि बोलणी पुन्हा सुरू झाली. सासूबाई पुढच्या बाईला हळद लावायला वळल्या. त्यांनी हात पदराला पुसला नाही.

संध्याकाळी सगळ्या गेल्यावर त्या माझे दागिने उतरवायला बसल्या. साखर चंद्रकळेला चिकटली होती, ती त्या नखाने हळूहळू सोडवत होत्या. गॅलरीत मामंजी एकटेच होते. मला आता राहवेना. विचारून टाकावं, जे व्हायचं ते होईल, असं ठरवून मी तोंड उघडलं, तर त्याच आधी बोलल्या.

“हे वाफेचं, पाण्याचं, कितवीला असतं गं?”

“सहावीला.”

त्यांनी बाजूबंदाची गाठ सोडली. दोरा बोटाला गुंडाळत बसल्या.

“मला चौथीतून काढलं,” त्या म्हणाल्या.

त्यांनी दोरा बाजूला ठेवला आणि गॅलरीकडे तोंड करून आवाज दिला.

“अहो, ऐकलंत का? ही सोमवारपासून शाळेत जाणार आहे. तिथे सहावीच्या मुली बसल्यात.”